रंग वयनीलेच निवडू द्या

३ ऑक्टो.
सकाळीच मोहगावच्या विहारातले काका दुकानात. कार्यक्रमाचं बॅनर. मोबाइलमधी मागच्या वर्षीच्या मंचाचा फोटो दाखवला, मागे निळा पडदा. "हाच निळा पायजे, भाऊ. जांभळा नोको."
फोटो एका खिडकीत, डिझाइन दुसऱ्या प्रोग्राममधी. आपल्या प्रोग्रामचा रंग उचलायचा ड्रॉपर बाहेरचं काही घेत नाही. नेहमीसारखा नजरेनं बसवला. नमुना छापला, जांभळाच.
ज्योत्स्ना बाजूच्या खुर्चीवर. लग्नानंतर टायपिंगले मीच बसवलं तिले. म्हणे, "अहो, सरका जरा." तिनं कुठूनसा एक बारका प्रोग्राम उतरवून ठेवला होता. स्क्रीनवर कुठंही नेम धरा, फोटो असो की वेबसाइट, रंगाचा नंबर देते. तो नंबर आपल्याकडं टाकला, छापून पाह्यलं, थोडा फिका केला. निळा जसाच्या तसा.
काका खूश. "पोरीची नजर पाय!"
नजर कुठं, प्रोग्राम हाय तो.

८ ऑक्टो.
आता येते ते गिऱ्हाईक विचारते, "वयनी हायेत का?" संत्र्याच्या पेट्यांचं लेबल करणारा सेठ तर मी खुर्चीवर असताना म्हणे, "तुमी बसा चहा घेत. रंग वयनीलेच निवडू द्या."
सौसरात हे दुकान मी उभं केलं. पाटीवर नाव माझं. घरी आलो तर आईही तेच, "सून हुशार निघाली." जेवण गेलं नाही.

११ ऑक्टो.
ज्यो. माहेरी, रामाकोन्याले. दुकानात एकटा. तिचा तो प्रोग्राम काढून टाकला.
बरं वाटलं. मग नाही वाटलं.

१३ ऑक्टो.
आली. शोधलं. "तो प्रोग्राम कुठं गेला?"
"व्हायरस आला होता."
"व्हायरस एवढाच खाऊन गेला?"
मी केबल पाहात बसलो. सेठच्या लेबलची सुधारणा करायची होती. तिनं त्याच्या संत्र्याचा फोटो स्क्रीनवर ठेवला, पूर्ण स्क्रीनचाच फोटो काढला, तो आमच्या डिझाइनमधी आणून चिकटवला. आता बाहेरचा रंग आतच आला. साध्या ड्रॉपरनं उचलला.
हे मले इतक्या वर्षांत सुचलं नाही. याचाच राग जास्त. तिच्यावर का माझ्यावर, ते...

१७ ऑक्टो.
पांढुर्ण्याच्या मोठ्या प्रेसच्या मालकाचा फोन. मले वाटलं काम देतात. "वहिनींना विचारा, आमच्याकडे डिझाइनला येतील का? रोज जाऊन-येऊन जमेल." मी म्हटलं, "त्या बाहेर गेल्या हायेत." ती आत पाणी भरत होती.
मले कोणी कधी बोलावलं नाही.

२० ऑक्टो.
सांगितलं नाही अजून. ती दिवसभर गुणगुणत काम करून राहिली. गुणगुणणंही खुपते.

२१ ऑक्टो.
शाळेच्या बॅनरचा हिरवा काही केल्या जमेना. हाक मारली, "ज्यो., पाय ना जरा."
आली, बाजूले उभी राह्यली. मग माझ्याच्यानं राहवलं नाही. "पांढुर्ण्याच्या प्रेसवाल्यांनी बोलावलं हाय तुले."
"मालूम हाय. त्यांनी मलेही फोन केला होता."
"मंग सांगितलं काहून नाही?"
"तुमी सांगता का, ते पाहून राह्यली होती. आन् तो व्हायरस तुमीच ना?"
"हव."
"उठा," म्हणे. उठलो. तिनं हिरवा बसवला. जवळून पाह्यलं तिचं काम. सुंदर करते.
विचारलं, "जाशील?"
"रंग पाहू द्या आधी."

२२ ऑक्टो.
रोज आमचं दोघांचं जेवण एकाच डब्यात असते.
सकाळी ओट्यावर दोन डबे. ती वेणी घालत होती. मी चप्पल घातली, उंबऱ्यात उभा राह्यलो. विचारायला तोंड उघडलं, तर तीच म्हणे, "पांढुर्ण्याची बस किती वाजता हाय?"