सिलोनचे रोप आणि दोन लोटे पाणी

दहीहांडा, जि. अकोला
१७ एप्रिल १९६१

प्रिय जानरावदादा,

धाकट्या देवमनचा सप्रेम जयभीम. (आधी 'तीर्थरूप' लिहिले होते, ते खोडले. धर्म बदलला तरी हाताला अजून कळलेले नाही.) चतुरावहिनींचा गुडघा कसा आहे? माझे विचारू नका, मी दोन्ही गुडघे सिलोनात ठेवून आलो आहे.

गावाने मला कशासाठी पाठवले होते ते तुम्हाला ठाऊकच आहे. अनुराधपूरच्या बोधिवृक्षाचे रोप आणायचे आणि येत्या पौर्णिमेला विहारापुढच्या पारात लावायचे. पार बांधून झाला. बायांनी शेतावरून येताना घमेल्याघमेल्याने माती आणून तो भरला, मधे खड्डा ठेवला. आईला आता फारसे दिसत नाही, पण रोज संध्याकाळी जाऊन ती त्या खड्ड्याशी बसते.

आमच्या जथ्याचे पुढारी किसनराव. अमरावतीच्या कचेरीत तीस वर्षे हेडक्लार्क होते, त्यामुळे ते बेटही त्यांनी कचेरीसारखेच चालवले. सहाला हत्तींची आंघोळ पाहायची, आठला आमची. सिगिरियाचा खडक उपाशीपोटी चढवला आणि माथ्यावर पोचल्यावर खाली हिरवे रान दिसत असताना हजेरी घेतली. (मोतीराम अर्ध्यावर बसला होता, त्याची गैरहजेरी मांडली.) जेवणात सगळे खोबरेल तेलातले. आपला ठेचा तिसऱ्या दिवशी संपला. सकाळी तृष्णा सोडण्यावर प्रवचन ऐकून आलेले तिघे शेवटच्या चमच्यावरून दुपारी भांडले.

किसनराव वाटभर सांगत होते की तिथे सगळे बौद्ध, तिथे जात कोण विचारतो? कँडीला एका घरी आम्हाला चहाला बोलावले. घरमालक मोठा अगत्याचा. त्याने दुभाष्याकरवी विचारले, आपण कोण? आम्ही सांगितले, बौद्ध. त्याआधी कोण? किसनराव म्हणाले, "त्याच्या आंधीबी मानूसच होतो." मालक हसला, चहा पाजला. छत्री विसरली म्हणून मी परत गेलो, तर आम्ही बसलो होतो ती चटई अंगणात धुवायला काढलेली. मी छत्री घेतली आणि आलो. कोणालाच सांगितले नाही, आज तुम्हाला सांगतो आहे. दादा, समुद्र ओलांडून गेलो हो आम्ही!

अनुराधपूरला मात्र एका म्हाताऱ्या भिक्खूने काही न विचारता रोप दिले. हातभर उंच, सहा पानांचे. मी ते पत्र्याच्या डब्यात लावले आणि तान्ह्या पोरासारखे मांडीवर घेऊन परतीच्या बोटीत बसलो. ऊन मरणाचे. पाने माना टाकू लागली. प्यायचे पाणी संपले होते, आणि सभोवार पाणीच पाणी. आता दहीहांड्याच्या विहिरीचे पाणी खारट. त्यावर वांगी येतात, मिरच्या येतात, दहा वर्षे मास्तरकी करत त्यावर मीही तगलो आहे. तेव्हा खारट पाण्याचे भय मला कसले? खलाशाकडून बादलीभर समुद्र वर ओढून घेतला आणि दोन लोटे घातले. (वर म्हणालो, पी बाबा, गावची सवय आतापासूनच कर.) धनुष्कोडीला पाने काळी पडली. वर्धा येईस्तोवर डब्यात नुसती काडी.

गावाच्या वेशीवर लेझीम घेऊन सगळे उभे. मी सांगून टाकले की रोप हवा मानवेपर्यंत अकोल्यात एका स्नेह्याकडे ठेवले आहे. माझ्या गळ्यात हार घातला. शाळेत पोरांना खरे बोलायला शिकवणारा मास्तर मी, हार घालून घेतला.

बाकी सर्व क्षेम. वहिनींना जयभीम.

तुमचा,
देवमन

ता. क. आपल्या चांदूरकडच्या गावातल्या वेशीच्या पिंपळाची रोपे भिंतींतून उगवतात. त्यातले एक, हातभर, सहाच पानांचे, मुळासकट काढून गोणपाटात गुंडाळा आणि स्वतः अकोला स्टेशनवर घेऊन या. कोणाला बोलू नका, वहिनींनाही नाही.

आणखी ता. क. पाकीट बंद करत होतो, तेवढ्यात आई आली. खाटेखाली लपवलेला डबा तिला सापडला होता. तिने काडी चाचपली, मोडून पाहिली. मी सगळे कबूल केले, तुम्हाला काय लिहिले तेही. मग म्हणाली, "त्या पिंपयाच्या पारावर तुह्या बापाले कदी टेकू देल्लं नाई. त्याचंच आन. अन् आपल्या पारावरून कोनालेच उठवू नोको." तेव्हा दादा, गोणपाट नको, गुपितही नको. रोप हातात धरून, भर दिवसा, वेशीतून घेऊन निघा.