रिकामं म्यान

सना शहर, शनिवार, ४ मे

धाकटा भाऊ मुतह्हर घरी आला तेव्हा कमरेला नुसतं म्यान होतं. जंबिया, त्याचा वाकडा खंजीर, नाही! विचारलं, तर म्हणाला, "तू तुझा अभ्यास कर."

आईकडून कळलं. कॉलेज सुटल्यावर पोरं ‘गात’ची नशेची पानं चघळायला बसली होती. दैफल्लाह भावाच्याच वर्गातला. भावाच्या पुढ्यातली पानं पाहून म्हणाला, "अरे, ही शेळीला घाल. दूध तरी देईल!" सगळे हसले. भावाने जंबिया अर्धा उपसला — अर्धाच. पण अर्धा आणि पूर्ण यांत आमच्याकडे फरक नाही. गल्लीतले वडीलधारे मुसइद काका मध्ये पडले. दोघांचेही जंबिये ओलीस घेऊन गेले. समेट होईपर्यंत परत नाहीत.

"मिटलं बघ," आई म्हणाली.

मिटलं?

रविवार, ५ मे

दैफल्लाहची बहीण हूरिया त्याच कॉलेजात माझ्याच बाकावर बसते. आज दोघी बोललो नाही. मधल्या सुटीत तिने अर्धी रोटी मात्र माझ्यापुढे सरकवली. नेहमीसारखी.

मंगळवार, ७ मे

मुतह्हर झोपत नाही. गालात पानांचा गोळा, डोळे लाल. त्याला वाटतं, सगळे आपल्या कमरेकडेच बघतात. उद्या त्याचा पहिला पेपर. दैफल्लाह त्याच खोलीत.

"त्याने पिस्तूल घेतलंय म्हणे."

कोण म्हणे?

"सगळे म्हणतात. मीही आणलंय. ओलीस जंबिया ठेवलाय, पिस्तूल नाही."

म्हटलं, काकांना सांगते.

"सांग. मग मी गेलो की हे म्यान पुसत बस."

तो चुकतोय. पण कुठे चुकतोय, ते मला सांगता येईना.

मंगळवार, पुन्हा

कॉलेजच्या फाटकावरचा पहारेकरी पोरांच्या कमरा चाचपतो. मुलींच्या पिशव्यांना हात लावत नाही.

"ताई, फक्त आत नेऊन दे. वापरायचं नाहीये गं. नुसतं जवळ असावं."

ताई म्हणाला! किती वर्षांनी!

नाही म्हटलं. मग म्हटलं, बघू.

बुधवार, ८ मे

नेलं.

फाटकात हूरिया माझ्यापुढे होती. पहारेकऱ्याने मान खाली घालून दोघींना वाट दिली. आत आल्यावर तिची पिशवी खांद्यावरून घसरली. सावरायला मी खालून हात लावला.

माझ्या पिशवीइतकीच जड.