चित्रातलं कोरं थडगं

६ सप्टेंबर १९९४, मंगळवार

उन्हाळी पाहुणे गेले. गाव पुन्हा आमचं झालं – आणि मर्विनने सकाळी सकाळी संग्रहालयात माझ्या टेबलावर चौदा चित्रं आणून ठेवली! सगळी कागदावरची, सगळी दीडशे-पावणेदोनशे वर्षांची. एक ऑक्टोबरला प्रदर्शन उघडायचं, तोवर साफ करून दे म्हणे.

म्हटलं, "मर्विन, मला दोनच हात आहेत."

"पण कसले हात आहेत, विनी!" इति संचालकसाहेब. लोणी लावण्यात हा माणूस पक्का. बावीस वर्षं ऐकतेय, तरी दरवेळी विरघळते.

प्रदर्शनाचा विषय दुखवट्याची चित्रं. मला विचारलं असतं तर जहाजं घे म्हटलं असतं. कोणी विचारलं नाही.

९ सप्टेंबर

आज स्टिकनींकडून गेल्या वर्षी आलेलं जलरंगाचं चित्र चौकटीतून काढलं. १८१७. विलोचं झाड, फांद्या रडल्यासारख्या खाली ओघळलेल्या, त्याखाली पांढरं थडगं, थडग्याला टेकून काळ्या कपड्यातली बाई. रुमाल डोळ्यांना लावलेला, त्यामुळे तोंड दिसतच नाही. कुणा शाळकरी पोरीने काढलंय. तेव्हा मुलींच्या शाळेत हे शिकवायचेच. चित्र आधी पुरं करायचं, थडगं कोरं ठेवायचं, आणि पुढे घरात कोणी गेलं की नाव घालायचं. म्हणजे पोरगी तेरा वर्षांची, घरी सगळे धडधाकट, आणि ही बसलीय रुमालाच्या चुण्या रंगवत! काय लोक होते.

स्टिकनींच्या घरात पावणेदोनशे वर्षांत माणसं काय कमी मेली असतील? पण नाव घातलंच नाही कोणी. दगड कोरा तो कोराच. धजावलं नसेल कोणी.

थडग्याच्या मधोमध शिसपेन्सिलीचा करडा डाग आहे. अंगठ्याएवढा. मूळचा नाही, पुढच्या कोणाचा तरी उद्योग.

१३ सप्टेंबर

स्टिकनीचं काम झालं. खोडरबराचा चुरा पसरायचा, बोटाच्या टोकाने हलके हलके गोल फिरवायचा, काळा पडला की मऊ ब्रशने झाडायचा. असं अकरा वेळा. डाग चिवट होता, कोणीतरी जोर देऊन घासलेलं. मग कागद किंचित दमट करून वजनाखाली ठेवला.

नोंद केली : "थडग्यावर पेन्सिलीचा डाग. नंतरचा. वाचता येत नाही. काढला."

दगड कसा लख्ख निघालाय! स्वतःवरच खूश होऊन घरी आले आणि मस्त मासळीचं सूप केलं.

१४ सप्टेंबर

मर्विन : "अगं, कालच रंगवल्यासारखं दिसतंय!"

३० सप्टेंबर

सगळं टांगून झालं. कागदाच्या चित्रांना उजेड सोसत नाही, म्हणून दालनात संध्याकाळसारखा अंधूक दिवा. तीन महिने लोकांनी पाहायचं, मग पाच वर्षं काळोख्या कपाटात विश्रांती. आमचा नियमच आहे तो.

समोरच्या भिंतीवर तैलचित्रं. सगळी लेकरंच. मूल गेलं की चित्रकाराला बोलवायचे आणि तो ते जिवंत असल्यासारखं काढायचा. खूण एवढीच – एक बूट पायात, एक हातात. निळ्या झग्यातल्या एका मुलीपुढून मी आज तीनदा गेले. तिन्ही वेळा मान खाली घालून.

एकसष्ट साली इस्पितळात त्यांनी मला माझ्या लेकीचं तोंडही दाखवलं नाही. नर्स म्हणाली, बघू नका, लवकर विसराल. माझा नवरा लॉवेल म्हणाला, पुन्हा विषय नको. तो गेला त्या दिवसापर्यंत आम्ही विषय काढला नाही. कुठे पुरलं, पुरलं की नाही – काही माहीत नाही.

हे आज कशाला लिहितेय मी?

१ ऑक्टोबर, शनिवार

काय करून बसले मी!

उद्घाटनाला साठेक माणसं. सफरचंदाचा गरम रस, चीज, मर्विनचं भाषण. साडेतीनच्या सुमारास डार्लीन स्टिकनी आपल्या आजोबांच्या बहिणीला चाकाच्या खुर्चीतून घेऊन आली. मिस ओपल, वय शहाऐंशी. लग्न केलं नाही, गावच्या ग्रंथालयात चाळीस वर्षं. लहानपणी मीही तिचा ओरडा खाल्लाय. जाळीची टोपी, ठेवणीतला ब्रोच. डार्लीन हसत म्हणाली, "आठवडाभर डोकं खाल्लंय हिने. जिन्यातलं चित्र दाखव, जिन्यातलं चित्र दाखव!"

खुर्ची चित्रासमोर लावली. मिस ओपलने चष्मा पुसला, घातला. नाक काचेला लागेल इतकी वाकली. मग नुसतीच बघत राहिली. मी कौतुकाची वाट बघत शेजारी उभी. शहाणी!

"कुठे गेलं?" ती म्हणाली.

"काय, मिस ओपल?"

"नाव. इथे नाव होतं."

म्हटलं, डाग होता हो, वाचता येत नव्हता, मी… पुसला.

"मी सत्तावीस साली लिहिलं होतं ते. वरून अंगठा फिरवायचे, म्हणजे कोणाला वाचता येऊ नये. मला यायचं."

डार्लीन म्हणाली, "आजी, कोणाचं नाव गं?" तिने लक्षच दिलं नाही. माझ्याकडे बघत म्हणाली, अगदी हळू, रागावून नव्हे –

"मला आता आठवत नाही गं. म्हणून तर लिहून ठेवलं होतं."

२ ऑक्टोबर

रविवार, तरी संग्रहालयात गेले. साफ करण्याआधीचा फोटो शोधला. एकच काढलाय, पूर्ण चित्राचा. त्यात थडगं नखाएवढं आणि नखावर धूर. मोठं भिंग लावलं, डोळे दुखेपर्यंत बघितलं. काही नाही.

जवळून फोटो काढायचा असतो. काढण्याआधी वाचायचा प्रयत्न करायचा असतो. हे मीच शिकाऊ पोरांना घसा फोडून सांगते! पण "नंतरचा" एवढं म्हटलं की आमच्या लेखी तो कचरा. १८१७चं ते खरं, त्यानंतरचं सगळं घाण.

कामाच्या झग्याच्या खिशात खोडरबराचा चुरा सापडला. करडा. झटकवेना. पाकिटात भरून ठेवला. त्यातच आहे ना ते, कुठेतरी.

४ ऑक्टोबर

मर्विनशी भांडले. बॉस्टनला यूजीनच्या प्रयोगशाळेत इन्फ्रारेड फोटो काढतात. कागदाच्या खोबणीत पेन्सिलीचा कण जरी उरला असेल तरी त्यात दिसतो. पण त्यासाठी चित्र उतरवायला हवं.

"उद्घाटनाला चार दिवस नाही झाले, विनी! भिंतीला भोक दाखवू का लोकांना?"

"दाखव. आणि खाली माझं नाव लिही."

मग म्हणाला, "एवढं काय गं? एका म्हातारीची पेन्सिल." मी काय बोलले ते इथे लिहीत नाही. चित्र उतरवलं, दुपारीच खोक्यात घातलं.

यूजीन फोनवर : "रांग आहे बाई. नोव्हेंबरअखेर, थँक्सगिव्हिंगनंतर बघतो."

८ ऑक्टोबर, शनिवार

वृद्धाश्रमात गेले. शनिवार म्हणजे बीन्स आणि काळा पाव, सगळ्या मजल्यावर वास. दिवाणखान्यात दोन म्हातारे बेसबॉलवाल्यांच्या संपाला शिव्या घालत होते.

मिस ओपलला मी ओळखू आले. "पुसणारी," म्हणाली. ऐकून घेतलं. माझ्या चुकीला दुसरं नाव नाही.

मग आपणहून बोलू लागली. एकोणीस वर्षांची होती. मुलाच्या बापाचं नाव घेतलं नाही. आईने पोर्टलंडला पाठवलं, आजारी मावशीच्या सेवेला म्हणून – मावशी नव्हतीच. मुलगी झाली. तीन दिवस जगली. त्या तीन दिवसांत हिने नाव ठेवलं, हळूच कानात सांगितलं. घरी आल्यावर तोंडातून ब्र काढायची सोय नाही. पण जिन्यात ते चित्र होतं. वर जाता-येता रोज दिसणारं कोरं थडगं.

"आईचं लक्ष नसताना लिहिलं. रोज वर जाताना वाचायचे. सहासष्ट वर्षं, पोरी. घर विकलं तेव्हा डार्लीनला म्हटलं, संग्रहालयात दे. तिथे कोणी हात लावायचं नाही."

तिथे कोणी हात लावायचं नाही!

निघताना माझा हात धरला. "मला वर जाऊन तिला हाक मारायची आहे. काय म्हणून मारू?"

१९ ऑक्टोबर

जिकडेतिकडे करडा डाग दिसतो. बशीवर, उशीवर, बर्फाळ काचेवर. दालनात भिंतीवर रिकामा चौकोन आहे आणि तरीही मला ती रुमालवाली बाई तिथेच दिसते. तोंड लपवून उभी. एवढी वर्षं वाटायचं रडतेय. आता वाटतं, रुमालाआडून माझ्याकडे बघतेय.

निळ्या झग्यातल्या मुलीसमोर आज थांबले. दोन मिनिटं.

२७ ऑक्टोबर

डार्लीनचा फोन. मिस ओपलच्या फुप्फुसात पाणी झालंय, डॉक्टर फार दिवस म्हणत नाहीत. "सारखी त्या संग्रहालयातल्या बाईला बोलवा म्हणते. येता का?"

यूजीनला फोन लावला. रडले त्याच्याजवळ, आता तरी लवकर कर म्हणून. "थोडं तरी थांबवता येईल का तिला?" असं विचारलं त्याने. बिचारा, त्याला काय कळणार.

२८ ऑक्टोबर

खोटं बोलले.

सकाळी अकराला पोचले. खिडकीतून छान ऊन येत होतं. मिस ओपल एवढीशी झालेली. डोळे मात्र लख्ख. "सापडलं?"

नाही म्हणायचं ठरवूनच गेले होते. शप्पथ. तोंड उघडलं आणि –

"आयव्ही," म्हटलं.

हे नाव मी तेहतीस वर्षांत मोठ्याने उच्चारलं नव्हतं. लॉवेललाही माहीत नव्हतं. माझं मलाच ऐकू आलं.

तिने डोळे मिटले. ओठ हलवून बघितले. "आयव्ही… आयव्ही." आणि मग हसली! "हो गं! आयव्हीच. कशी विसरले मी?"

तिने माझा हात गालाला लावला. डार्लीन दारात रडत होती. मला तिथल्या तिथे मरावंसं वाटलं, आणि खरं सांगते – त्याच वेळी इतकं हलकंही वाटलं. कोणीतरी माझ्या मुलीचं नाव घेऊन हसलं. पहिल्यांदाच.

५ नोव्हेंबर

मिस ओपल पहाटे गेली. डार्लीन म्हणाली, शेवटचे दोन दिवस हाका मारत होती. कोणाला ते मी विचारलं नाही.

१२ नोव्हेंबर, शनिवार

जमीन गोठायच्या आत उरकायचं म्हणून आज माती दिली. आमच्याकडे खूप जण करतात तसा मिस ओपलने आपला दगड आधीच उभा करून ठेवला होता. नाव, जन्मसाल, आणि मृत्युसालाची जागा मोकळी. पाथरवटाने ती भरली. आणि त्याखाली, डार्लीनने सांगितलेलं :

आयव्ही. १९२७. तीन दिवसांची.

पाद्री काय बोलला, कोण कोण आलं होतं, काही आठवत नाही. सगळे कॉफीला चर्चमध्ये गेले तेव्हा मी मागे राहिले. हातमोजा काढला. अक्षरांत बोट घातलं. खोल आहेत. दगडातली आहेत, कोणी रबराने काढू शकणार नाही.

"आयव्ही," म्हटलं. "आई आलीय गं."

थंडी मरणाची होती. तासभर बसले. चोरी केलीय मी, मला कळतं. दुसऱ्याच्या लेकराच्या जागेवर माझी पोर निजवली. पण तिला या पृथ्वीवर कुठेच जागा नव्हती आणि आता आहे. ते दुसरं नाव कोणालाच मिळणार नव्हतं. ते गेलंच होतं. असं मी मला सांगतेय.

२४ नोव्हेंबर

थँक्सगिव्हिंग. मर्विनकडे टर्की. त्याची बायको म्हणाली, "विनी, तुझी तब्येत सुधारलेली दिसते." जेवणाआधी दफनभूमीत जाऊन आले होते. खरंच, बरी झोप लागते हल्ली.

२ डिसेंबर, शुक्रवार

यूजीनचं पाकीट आलं. उभ्यानेच फोडलं. फोटो स्वच्छ आहे, सगळं वाचता येतं.

वर मोठ्या अक्षरांत : लुएला.

खाली बारीक : "माझ्याशिवाय हिला कोणी नाही. कृपा करून हे पुसू नका."