लोकेशची सही

कटंगीजवळून,
ता. ६ फेब्रुवारी २०२५

ती. रूपालीताईले नूतनचा सा. न. वि. वि.

ताई, मले तीन रातींपासून झोप नाही. डोळा लागला का आपला भाऊ लोकेश दिसते, पोलिस थान्यात बसून सही करताना. पुढच्या शुक्रवारी तो भरवेलीहून येऊन राह्यला, पुष्पलताच्या विरोधात रिपोर्ट लिहायले. यायनंच बोलावलं त्याले. हे म्हणतात, बाईच्या माहेरचा सख्खा माणूस पाहिजे, तवा रिपोर्ट पक्की होते.

त्यात लिहिणार का पुष्पलतानं मले लालूच देऊन येशूच्या प्रार्थनेत ओढलं, आणि कुशल बिमार पडला तं त्याले दवाखान्यात नेऊ दिलं नाही, म्हणून माहा नऊ महिन्याचा कुशल गेला.

ताई, हे खोटं आहे. पुष्पलता खालच्या टोल्यातली, त्यायची वस्ती गावाबाहेर. आमच्या घरचे तिच्या हातचं पाणी घेत नाहीत. धानाच्या रोवण्यात आम्ही दोघी एका बांधीत होतो. माह्या डब्यातली भाजी आंबली होती, तं तिनं आपला अर्धा भात मले दिला. मी खाल्ला, कोणाले सांगतलं नाही. मंग ती आपल्या येशूचं सांगे, का तो कोणाच्याही घरी जेवाले बसे. मी म्हटलं, माह्या सासूच्या घरी बसला असता तं मागून गोमूत्र शिंपडलं असतं. तीही हसली. लालूच म्हणते तं एवढीच.

कुशलची पसली चालत होती, दम लागत होता, तवा तिनंच दारात उभं राहून सांगतलं, आत्ताच्या आत्ता दवाखान्यात न्या. सासूबाईनं झाडफूकवाला बोलावला. दोन दिवस त्यातच गेले. तिसऱ्या दिवशी गाडी केली, तं लेकरू वाटेतच गेलं.

मंग आंगणात गावची माणसं बसली. मले विचारलं, पुष्पलतानंच दवाखान्यात नेऊ दिलं नाही ना. माही लेक उमा सासूबाईच्या मांडीवर होती. त्या तिच्या केसावरून हात फिरवत माह्याकडे पाहून राह्यल्या होत्या. मी हौ म्हटलं.

माहा फोन यायच्यापाशी आहे. तू फोन केला तरी हे बाजूले उभे राहतात. म्हणून तुमसरच्या बसचे कंडक्टर प्रेमलालकाका, त्यायच्यापाशी चिठ्ठी देते. ताई, लोकेशले तू सांग का नूतन खोटं बोलली.

लेकरायले मुके. माया आहे तशी ठेव.

तुही,
नूतन


तुमसर,
ता. ९ फेब्रुवारी २०२५

चि. सौ. नूतनले ताईचे आशीर्वाद.

चिठ्ठी भेटली. तुह्यं अक्षर पाहून माहा देवेंद्र म्हणे, मावशीपेक्षा मी बरं लिहितो. दुसरीत आहे फक्त. मी हसली, आणि मंग वाचलं तं तिथंच बसून राह्यली.

लोकेशचा फोन आलता. कुशलसाठी घेतलेले चांदीचे वाळे त्याच्या पेटीत तसेच आहेत. रडून राह्यला होता. म्हणे, माह्या भाच्याची शिक्षा कोणाले तरी झाली पाहिजे. त्याले मी कोणत्या तोंडानं सांगू? नाही सांगतलं.

तू रागावशील. पण पाह्य, खरं बोलून कुशल वापस येत नाही. उमा आहे. सासरच्यायनं तुले बाहेर काढलं आणि पोरगी ठेवून घेतली तं? बाबा नाहीत, मायले डोळ्यानं दिसत नाही. तू इथं आली तं तुहे जिजाजी चार दिवस बोलणार नाहीत, पाचव्या दिवशी विचारतीलच, वापस कधी जाते म्हणून. आणि काहून खाल्लं ओ त्या टोल्यातलं? लहानपणी माह्या ताटातला घास दिला तं तोंड वाकडं करे महाराणी.

त्या बाईचं तिचा देव पाहील. तू टाइमावर जेव. माही माया कुठं जात नाही.

तुही ताई


ता. १२ फेब्रुवारी २०२५

रूपालीताईले, नाहीतर ही चिठ्ठी ज्याच्या हाती पडन त्याले, नूतनचा नमस्कार.

ताई, तुह्यावर राग नाही. तू भेली. आंगणात मीही भेलीच होती.

मले अजून दूध येते. छाती दगडासारखी झाली, ताप भरला. कोणाले सांगू? सोमवारी हापशीवर एका बाईनं पदराखालून पिशवी दिली. पत्तागोबीची पानं होती. पुष्पलतानं पाठवली. थंड पाण्यात भिजवून छातीवर ठेव म्हणे, दूध आटते. तिचं पहिलं लेकरू गेलतं तवा तिनं हेच केलतं. बाकी एक शब्द नाही. मी हौ म्हटलं ते तिले माहीत आहे. तिच्या घराच्या कवेलूवर गोटे पडून राह्यले, नवऱ्याले कोणी कामावर घेत नाही.

तिचा देव पाहील म्हणते तू. मी धर्म बदलला का नाही, मले समजत नाही. आपल्या देवापुढं दिवा लावते, मंग डोळे मिटून तिच्या येशूले कुशलचं नाव सांगते. पण ती पानं ठेवली तवापासून त्याच्यापुढं डोळे मिटायची हिंमत होत नाही.

हे पाकीट मी चिकटवत नाही. प्रेमलालकाका, तुम्ही वाचलं तं तुम्ही, जिजाजीनं वाचलं तं जिजाजी, माह्या भावाले, लोकेशले फोन करा. नंबर मले तोंडपाठ आहे, पाकिटावर लिहिला. परवा शुक्रवार आहे. त्याले म्हणा, उशीर पुष्पलतानं नाही केला, आम्ही केला, आणि नूतनचं हौ खोटं होतं. सही करू नको म्हणा. आधी घरी ये, मले थान्यात घेऊन चाल, मी सांगते. उमाले मी कडेवरून खाली ठेवणार नाही.

माया कमी केली तरी चालन. फोन करा.

नूतन