शास्त्रातली सगुणा

नवीन पनवेल,
१३ नोव्हेंबर २०११

अहो शांतवनराव, सलाम.

तुमच्या हयातीत कधी नाव घेतलं नाही. आता घेते, खाली उतरून रागवायला तर येणार नाही तुम्ही. मी सांगतेय आणि आपली नात प्रिस्का लिहितेय.

तुम्ही जाऊन वर्ष झालं. त्यात कळंबोलीच्या लोखंड बाजारात उल्हासच्या पायावर पत्रा पडला. चार महिने आपला पोरगा खाटेवर आहे. प्रिस्का रोज संध्याकाळी बायबलातलं स्तोत्र वाचते, पण त्यात माझं नाव काही येईना. तुम्ही वाचायचात तेव्हा देव हमखास म्हणायचा, "सगुणे, भिऊ नकोस, मी आहे." मला वाटलं, विधवा झाले तशी देवानंही मला सोडलं. महिनाभर मी प्रार्थनाच केली नाही.

शेवटी प्रिस्काला विचारलं, "माझं नाव का गाळतेस गं?"

ती म्हणाली, "आजी, अख्ख्या शास्त्रात सगुणा नाहीच."

चाळीस वर्षं फसवलंत की मला. आधी रागावले, मग इतकी हसले की उल्हासही हसला, पाय मोडल्यापासून पहिल्यांदा. देवाला माझं नाव घ्यायला तुमचं तोंड लागत होतं, एवढंच.

काल प्रिस्का वाचत असताना मी मध्येच म्हटलं, "उल्हासा, भिऊ नकोस, मी आहे."

उल्हास म्हणाला, "आई, हे लिहिलंय तिथं?"

"तुझे बाबा वाचायचे, तसंच वाचलंय."

तो म्हणाला, "आमेन."

तुमची, शास्त्रात नसलेली,
सगुणा
(खाली अंगठा आहे, तो तरी खरा.)