चेतनाने मांडलेली तुझी बाजू

चारकोप,
९ मार्च २०२५

प्रिय दादू,

सप्रेम जय भीम. मी आणि चेतना, दोघी ठीक आहोत. वहिनीची कंबर कशी आहे? एसटी डेपोत काम वाढलंय म्हणालास, जेवणाची वेळ मात्र पाळ. फोनवर तू लगेच चिडतोस, म्हणून लिहायला बसले.

यंदा नववीला वैचारिक निबंध शिकवतेय. पहिल्या दिवशी नुसता गोंधळ! ‘शाळेत मोबाईल असावा का’ म्हटलं आणि मुलं आवाज चढवून भांडायला लागली. मग मी एकच नियम केला. आधी समोरच्याची बाजू लिहायची, तीसुद्धा अशी की तो म्हणाला पाहिजे, ‘हो, हेच म्हणायचं होतं मला.’ त्यानंतर आपलं.

परवा विषय त्यांच्यावर सोडला. तुझी चेतना फळ्यापाशी आली आणि विषय वाचला, ‘दहावीला मी गावी परत जावं का?’

घरी याबद्दल ती चकार शब्द बोलली नव्हती. तू मे महिन्यात न्यायला येणार हे मी सांगितलं, तेव्हा नुसतं ‘बरं’ म्हणाली होती.

दादू, आधी तिने तुझी बाजू मांडली. “माझ्या पप्पांच्या डेपोतून रोज मुंबईची गाडी सुटते. ते त्या गाडीत चढत नाहीत, कारण चढले तर मला घेऊनच परततील. आई अजून भाकरी थापताना माझी एक मोजून धरते. दहावीचं वर्ष आहे, पोर नजरेसमोर हवी, यात त्यांचं काय चुकलं?”

मागच्या बाकावरून चैतन्य म्हणाला, “मॅडम, पप्पा पण बरोबर आहेत ना यार!”

“थांब की,” ती म्हणाली, “माझं अजून व्हायचंय.” आणि पुढे वाचलं, “पप्पाच सांगतात, नीट चाललेली गाडी उगाच खोलू नये. माझा अभ्यास नीट चाललाय.”

पोरांनी बाकं बडवली. मी खिडकीकडे तोंड केलं. इतक्या वर्षांत कुणा विद्यार्थ्याचा एवढा अभिमान वाटला नव्हता.

घरी आल्यावर म्हटलं, “दे तो निबंध, पप्पांना पाठवते.” तर म्हणाली, “नको आत्या. ते आले की मीच बोलेन. त्यांच्यासमोर.” तरी मला राहवलं नाही; मी कळवलंय हे तिला सांगू नकोस.

मी तिची बाजू घेणार नाही. खरं सांगू, मला ते जमणारच नाही. ती गेली तर हे घर मला खायला उठेल, मग माझा मुद्दा निखळ कसा राहील? निर्णय तुझाच. तू नाही म्हणालास तरी मी स्वतः तिची बॅग भरून देईन.

पण ती बोलेल तेव्हा मध्ये तोडू नकोस. आणि नाही म्हणायचं असेल तर कारण सांग. लेक आता कारण मागणारी झाली आहे.

तिला शिकवण्याचं भाग्य लाभलेली,
तुझी शकु