पाहुण्यांपुढे झाकलेली भिंत

४ जून
फाउंडेशनचा अनुदानाचा फॉर्म. बावीस पानं. तीस वर्षं शाळेत पोरांची परीक्षा घेतली, आता माझी. प्रश्न : लाभार्थी किती महिन्यांत स्वावलंबी होतील? आमच्या केंद्रात नऊ जण. वयानं मोठे, समज चार-पाच वर्षांच्या लेकराएवढी. आधी लिहिलं ‘कधीच नाही’. खोडलं. ‘टप्प्याटप्प्याने’ लिहिलं. लाज वाटली.

७ जून
पाठवला. जुने देणगीदार काका गेले, त्यांच्या मुलांनी हात आखडता घेतला. हे अनुदान नाही मिळालं तर महिनाअखेर केंद्र बंद. नऊ जणांतल्या सुनंदाच्या भावाला, रमेशला, सांगून ठेवलं. इथल्याच द्वारका चौकात ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात असतो, बायकोही कामाला. म्हणाला, "बाई, मग परत बाहेरून कडी लावूनच जावं लागेल. दुसरं काय करू?" इथे येण्याआधी सहा वर्षं ती दिवसभर कोंडलेलीच. एक्केचाळीस वय तिचं. रमेशला नावं ठेवावीत, तर रोज सकाळी तिची वेणी तोच घालतो.

१५ जून
फोन आला. गुरुवारी पाहणी. मंदाला सांगितलं. मदतनीस म्हणायची, पण केंद्र तीच चालवते. वणीकडची, फटकळ. "पाव्हणे यायचे आन् हे असलं दावायचं? मान्सं काय म्हनतील?" खरंच की.

गुरुवार
शेजारच्या मंगल कार्यालयातून खुर्च्या, सतरंज्या, पाण्याचा फिल्टर मागून आणला. ओल आलेल्या भिंतीवर मंदाच्या घरचा पडदा. मोडक्या संडासाला कुलूप. सगळ्यांना दिवाळीचे कपडे. दाराशी रांगोळी. मॅडम आणि एक साहेब आले. पोहे, चहा, शाल-श्रीफळ. साहेब नको-नको म्हणत होते, मंदानं नारळ गाडीत नेऊन ठेवलाच. मॅडम : "किती छान ठेवलंय हो!" आम्ही दोघी फुगलो. मग विचारलं, अडचणी काय? मी म्हणाले, "तुमच्या आशीर्वादानं सगळं ठीक आहे." पाहुण्यांपुढे रडगाणं गायची सवयच नाही.

२५ जून
नकार. ‘केंद्र सुस्थितीत आहे, सुविधा पुरेशा आहेत. अधिक गरजू संस्थांना प्राधान्य.’ तीनदा वाचलं. मंदावर ओरडले, तुझा तो पडदा! ती भांडी घासत राहिली. पडदा तिचा, पण तोंड माझं होतं. संध्याकाळी माफी मागितली. "जाऊ द्या ओ बाई," म्हणाली. डोळे सुजलेले होते.

२६ जून
मॅडमना फोन करून खरं ते सगळं सांगितलं. बाई चांगल्या आहेत. दोन जुलैपर्यंत फेरविचार होऊ शकतो म्हणाल्या. भिंतीचे, संडासाचे फोटो लगेच पाठवले. त्यांचं उत्तर : "एवढ्यानं समिती हलणार नाही. केंद्र नसेल तर या लोकांचं काय होतं, ते दिसायला हवं."

३० जून
बंद केलं. नऊही जणांना वाटलं, उद्या सुट्टी. टाळ्या वाजवल्या.

१ जुलै
रमेशला विचारलं, सुनंदा घरात कोंडलेली असताना तिचा फोटो काढू का? म्हणाला, "काढा बाई. फक्त आमच्या गल्लीत कुणाला दाखवू नका."
दुपारी गेले. दाराला बाहेरून कडी. खिडकीतून पाहिलं. जमिनीवर बसलेली, परकर ओला, ताटली उपडी. मोबाइल वर केला, तेवढ्यात तिनं मला पाहिलं. "बाई! चला, चला!" धावत खिडकीशी आली.
घरी येऊन फोटो पाहिला. तोंडभर हसतेय. हा पाहून समिती काय म्हणेल, ते मला पाठ आहे.
मी निघाले तेव्हा ती रडायला लागली. कोपऱ्यापर्यंत ऐकू येत होतं. खिडकीपाशी परत जाऊन मोबाइल धरला असता, तर हवा तो फोटो मिळाला असता.
उद्या शेवटचा दिवस. तिच्याकडे जायचं, मग निघाल्यासारखं करायचं आणि